जिंतूरकर डॉक्टरांचं हेलिकॉप्टर

हैदराबादच्या नल्लकुंट्यातले किराणा दुकानदार नरसय्या शेट यांच्या तोंडातली कवळी मी स्वतः पाहिली आहे. तिच्यातला वरचा पुढचा एक दात शेजारच्या दातावर जरासा चढलेला आहे आणि त्याच्या कोपऱ्याचा टवका उडालेला आहे. कोरी करकरीत कवळी, आणि तिच्यात टवका! दुसऱ्या कुणी दिली असती तर शेटनी ती काउंटरवर आपटून परत केली असती. पण हा टवका डॉक्टर जिंतूरकरांनी डोळ्याला भिंग लावून, मुद्दाम कोरलेला होता. शेटचा खरा दात पडला तेव्हा तो तसाच होता.

"शेटला सरळ दात दिले तर नातवंडं ओळखतील का त्याला?" डॉक्टर मला म्हणाले. "आपण चांगलं करायला नाही बसलो, पुणेकर. आहे तसं करायला बसलो."

'पुणेकर' म्हणजे मी. नवऱ्याच्या नोकरीपायी आम्ही तारनाक्याला राहायला आलो आणि शेजारच्या घरात डॉक्टर आणि सुमनकाकू निघाले. डॉक्टरांचे आजोबा निजामाच्या काळात परभणीकडची शेती भावाला देऊन हैदराबादेत आलेले. त्यामुळे डॉक्टरांच्या एका वाक्यात मराठी, दख्खनी आणि तेलुगू अशा तिघी नांदत. मी एकदा हसले तर म्हणाले, "हौ, तुमची मराठी इस्त्रीची. आमची रोज वापरायची आहे."

दवाखाना नारायणगुड्यात होता, पण तो फक्त नावाला तिथं होता. खरं म्हणजे जिथं माणसाचं तोंड उघडं दिसेल तिथं डॉक्टरांचा दवाखाना. नावं त्यांच्या लक्षात राहत नसत, दात राहत. "ती खालची दाढ भरलेली बाई येऊन गेली," असं ते काकूंना सांगत, आणि काकूंना ती बाई कोण ते बरोबर कळे. टीव्हीवर एखादा पुढारी गर्जना करायला लागला की सगळे त्याचं म्हणणं ऐकत आणि डॉक्टर त्याच्या हिरड्या बघत. लग्नाच्या पंगतीत त्यांच्या समोरच्या पानावर बसायला ओळखीची माणसं धजत नसत.

पहिल्यांदा त्यांच्याकडे जेवायला गेले तेव्हा जेवायच्या टेबलावर हेलिकॉप्टर होतं.

हातभर लांबीचं, अजून रंग न दिलेलं. आम्ही ताटं मांडीवर घेऊन हॉलमध्ये जेवलो. काकूंनी टेबलाची आशा केव्हाच सोडलेली दिसत होती. जेवण झाल्यावर डॉक्टरांनी मला ते दाखवलं. सांगाडा प्लास्टिकच्या पट्ट्यांचा आणि पातळ पत्र्याचा. वेड्यावाकड्या दातांना लावायच्या तारेतून वळवलेला दोराचा आकडा. आतल्या खुर्च्या कवळीच्या मसाल्यातून ओतलेल्या, म्हणून सगळ्या हिरड्यांसारख्या गुलाबी. त्यांना रंग द्यायचा बाकी होता. सगळी मापं खऱ्याच्या बत्तीसपट लहान. "बत्तीसच का?" मी विचारलं. "ओळखीचा आकडा आहे," डॉक्टर म्हणाले. मग एका बाजूचं सरकतं दार त्यांनी सुईनं हळूच ढकललं आणि हेलिकॉप्टरला म्हणाले, "हं, आ कर. जरासं दुखेल."

हे कशासाठी चाललं होतं ते काकूंनी ओट्याशी भांडी आवरताना सांगितलं. त्या पावसाळ्यात त्या गोदावरीकाठच्या एका गावी बहिणीकडे गेल्या होत्या. नदीनं गावाला वेढा दिला, घरात पाणी शिरलं आणि सगळे गच्चीवर जाऊन बसले. दुसऱ्या दिवशी हेलिकॉप्टर आलं. लष्कराचं नव्हे, एका खासगी कंपनीचं, सरकारनं तेवढ्यापुरतं मागवलेलं. त्यातून एक तरुण दोरावरून खाली उतरला आणि एकेकाला पट्ट्यात अडकवून वर घेऊन गेला. काकू सगळ्यांत शेवटी गेल्या, कारण आधी कुणी जायचं यावरून त्यांची बहिणीशी हुज्जत चालली होती.

"हे इकडं. फोन लागत नव्हता. मी परत आले तेव्हा दारातच उभे होते. मला वाटलं आता काही तरी बोलतील. तर म्हणाले काय, चहा टाकू का? बस्स. आन् मग थोड्याच दिवसांनी टेबलावर हे आलं."

डॉक्टर बाहेरून ऐकत होते. "त्या पोट्ट्याच्या हातात द्यायचंय हे," ते म्हणाले. "नुसतं काय म्हणणार त्याला? थँक्यू? दाढ काढल्यावर पण लोक थँक्यू म्हणतात मला."

अडचण रंगाची होती. हेलिकॉप्टर कोणत्या जातीचं ते तेलुगू पेपरातल्या फोटोवरून कळलं होतं, पण फोटो काळा-पांढरा, शिवाय पावसानं धुरकट. कंपनीला फोन करून विचारा की, मी सुचवलं. डॉक्टरांनी माझ्याकडे दयेनं पाहिलं. "साक्षीदार घरात बसलेली असताना परक्याला कायकू विचारायचं?"

त्यामुळे रोज संध्याकाळी चहानंतर साक्ष सुरू झाली. काकू वेताच्या खुर्चीत, डॉक्टर समोर स्टुलावर. मी दळणाचा डबा नाहीतर कढीपत्ता असं काही तरी निमित्त काढून तिथं जायची, कारण इतकी करमणूक घरात नव्हती.

"पट्टा होता?"

काकू डोळे मिटून आठवत. "होता."

"कुठून कुठं?"

"दारापासून पार शेपटीपर्यंत."

"रंग?"

"तांबडा."

"तांबडा म्हणजे? विटेचा, टोमॅटोचा, का मिरचीचा?"

"मिरचीचा. पिकल्या मिरचीचा."

बाकी अंग पांढरं होतं म्हणाल्या, आणि त्या पांढऱ्यासाठी तर डॉक्टरांनी दवाखान्यातली दातांच्या छटांची पट्टी आणली. तिच्यावर ओळीनं खोटे दात लावलेले असतात, प्रत्येक दात निराळा पांढरा. काकूंनी एकेक दात खिडकीच्या उजेडात धरला. "हा नाही. हा सिगरेटवाल्याचा दिसतोय. हा फार चुन्यासारखा. हां, हा! अगदी हाच." डॉक्टरांचा चेहरा उजळला. "वा! तरण्या पोरीच्या दातांचा रंग आहे हा." आणि हेलिकॉप्टर त्या रंगाचं झालं. काकू हल्ली या साक्षीच्या वेळी साडी बदलून, केसांत गजरा माळून बसायच्या, हे माझ्या लक्षात आलं होतं. डॉक्टरांच्या आलं नसावं, कारण गजऱ्याचा दातांशी संबंध नव्हता.

एका रविवारी सकाळी काकूंनी कंपाउंडच्या भिंतीवरून हाक मारली, "अगं ये लवकर, आन् यादगिरीला घेऊन ये!" यादगिरी म्हणजे आमचा वॉचमन. आम्ही दोघं धावत गेलो. हॉलमध्ये झोपाळ्याच्या कड्यांना नवारीचा पट्टा बांधलेला होता आणि त्या पट्ट्यात, काखेत अडकून, डॉक्टर जिंतूरकर लटकत होते. अंगात बनियन आणि लेंगा. पायाखालचं स्टूल घरंगळत कपाटापर्यंत गेलेलं.

दोरावर लटकणारी काकूंची छोटी बाहुली करायची होती, आणि लटकलेल्या माणसाचे खांदे कसे होतात, पाय कुठं जातात, ते डॉक्टरांना कळत नव्हतं. म्हणून हा प्रयोग.

"अय्यो, डॉक्टर सार!" म्हणत यादगिरीनं त्यांचे पाय धरले.

"नक्को, नक्को. धरू नको. सोड." डॉक्टर संथपणे गोल फिरत होते. फिरत फिरत त्यांचं तोंड काकूंकडे आलं. "असंच होतं का, सुमन?"

"असंच. फक्त खाली पाणी होतं."

"किती उंच?"

"नारळाच्या झाडाच्या वर."

डॉक्टर खाली बघायला लागले. तिथं हॉलची फरशी होती आणि यादगिरीच्या चपला होत्या, पण ते बराच वेळ बघत राहिले. पुन्हा एक गिरकी झाली, तोंड भिंतीकडे गेलं. आम्ही हसत होतो ते आपोआप थांबलो. हा माणूस काखेत नवार रुतवून घेऊन त्या दिवशी आपण जिथं नव्हतो तिथं जाऊन बघत होता.

मग भिंतीकडूनच आवाज आला, "आता काढा रे. काख कापायली."

पोट्ट्याचा पत्ता लागला तो अर्थातच दातांमधून. कुणाच्या तरी दाढेच्या भावाचा साडू विमानतळावर कामाला होता, त्याच्याकडून कंपनी, कंपनीकडून नाव. श्रीनिवास. इथलाच, पण त्याची आता दुसऱ्या राज्यात बदली झाली होती आणि दसऱ्यानंतर तो जाणार होता. डॉक्टरांनी त्याला दसऱ्याला जेवायला बोलावलं. म्हणजे दसऱ्याच्या आत हेलिकॉप्टर पुरं व्हायला हवं होतं. डॉक्टर दवाखान्यातून लवकर घरी यायला लागले. पेशंट चिडले. डॉक्टर म्हणाले, दात पळून नाही जात.

आणि खंडेनवमीच्या आदल्या दिवशी ते खरोखर पुरं झालं. पांढरं शुभ्र, मिरचीच्या रंगाचा पट्टा, खाली दोरावर चिमुकल्या काकू, त्यांना धरलेला चिमुकला श्रीनिवास. मी टाळ्या वाजवल्या. डॉक्टर म्हणाले, "हात लावू नका, रंग ओला आहे."

खंडेनवमीला काकूंच्या घरी हत्यारं आणि वाहनं यांची पूजा असे. विळी, हातोडी, डॉक्टरांचा एक जुना चिमटा, मिक्सर, कार, स्कूटर. सगळ्यांना हळद-कुंकू, झेंडूचं फूल, आणि तेलुगू शेजाऱ्यांची बघून उचललेली पद्धत म्हणजे वाहनाच्या चाकाखाली लिंबू. लिंबू चिरडून गाडी पुढं घेतली की वर्षभर अपघात नाही. डॉक्टर सकाळी आंघोळीला गेले आणि काकूंच्या मनात आलं, घरातलं सगळ्यात मोलाचं वाहन तर टेबलावरच राहिलं.

त्यांनी बाजारातल्यातलं बारीकात बारीक कागदी लिंबू निवडलं होतं, हे त्यांनी नंतर पुन्हा पुन्हा सांगितलं. पण हेलिकॉप्टरचं पुढचं चाक वाटाण्याएवढं होतं. काकूंनी त्याच्या दाराजवळ पाण्यात कालवलेल्या कुंकवाची दोन बोटं ओढली, चाकाखाली लिंबू ठेवलं, हेलिकॉप्टरच्या नाकावर हात ठेवला आणि देवाचं नाव घेऊन दाबलं.

त्या किंकाळीनं मी माझ्या स्वयंपाकघरातून धावले. लिंबू शाबूत होतं. चाकाची दांडी मोडून नाक टेबलावर टेकलं होतं. डॉक्टर ओल्या अंगानं, पंचा गुंडाळून उभे होते आणि काकू तोंडाला पदर लावून. मला वाटलं, आता काही धडगत नाही. डॉक्टरांनी वाकून पाहिलं. बोटानं कुंकू पुसायला गेले, ते पांढऱ्यात आणखी पसरलं.

"फ्रॅक्चर आहे," ते म्हणाले. "जबड्याचं बांधतात तसं बांधू. तू रडू नको. लिंबू कशाला वाया घालवतेस, सरबत कर."

कपडे करून त्यांनी दवाखान्यातला पांढरा कोट चढवला, तोंडाला मास्क लावला आणि दिवसभर ते टेबलावर ओणवे होते. दांडी तारेनं सांधली गेली. कुंकवावर छटांच्या पट्टीतला तोच पांढरा पुन्हा चढला. संध्याकाळी मी गेले तर मोडलं कुठं होतं ते सांगता येईना.

दसऱ्याला दुपारी श्रीनिवास आला. उंच, रुंद खांद्यांचा, लाजाळू. हातात जम्मीची, म्हणजे शमीची, पानं होती, इकडं सोनं म्हणून तीच देतात. ती त्यानं काकूंच्या हातात ठेवली आणि पाया पडला. काकू रडल्या, हसल्या, आणि त्याला पुरणपोळ्या वाढायला लागल्या. डॉक्टर मात्र कडक इस्त्रीच्या शर्टात अवघडून उभे होते. काही तरी म्हणायचं म्हणून त्यांनी दोनदा घसा साफ केला आणि दोन्ही वेळा "पंखा वाढवू का?" असं विचारलं. पंखा आधीच पाचावर होता. शेवटी त्यांनी टेबलावरची चादर ओढली.

श्रीनिवास बसल्या जागेवरून उठला. तो गुडघ्यांवर बसला आणि नाक लावून बघू लागला. आकडा बघितला, पट्ट्याची गाठ बघितली, दार सरकवून बघितलं. "साब, ये तो एकदम असली है," तो म्हणाला. डॉक्टरांची मान ताठ झाली. "बस, कलर अलग है," तो पुढं म्हणाला.

"क्या बोले?"

"हमारा तो नीला था ना साब. पूरा नीला. पेट पे पीला पट्टा."

डॉक्टर काकूंकडे वळले. काकूंना एकाएकी सगळ्यांच्या वाटीत तूप कमी दिसायला लागलं.

"सुमन?"

"अम्मा कू क्या मालूम साब," श्रीनिवास भोळेपणानं म्हणाला. "अम्मा तो गच्ची पे मुंडी नीचे डालके बैन से झगड़ते बैठे थे. उठाया तो आँखाँ खोलेच नईं. गच्ची से ऊपर तक मेरे कंधे में मुँह डालके कुछ तो मंत्र पढ़ रहे थे. अंदर बिठाया तो भी नईं खोले. उतरे तबिच खोले, और सीधा भाग गए."

मी माझ्या पोळीकडे बघत राहिले.

"पिकल्या मिरचीचा?" डॉक्टर हळू म्हणाले.

काकूंनी तुपाचं भांडं खाली ठेवलं. "तुम्ही रोज विचारायलात," त्या म्हणाल्या. "समोर स्टूल घेऊन बसायलात. इतकी वर्षं संध्याकाळी तुम्ही लोकांच्या दाढा सांगितल्या आन् मी ऐकल्या. मला कधी काही विचारलंत? मला नाही माहीत म्हटलं असतं तर तुम्ही उठून पेपर हातात घेतला असता."

डॉक्टरांनी हेलिकॉप्टरकडे पाहिलं. मग म्हणाले, "आन् तो पांढरा?"

"तो मला आवडला होता."

मला हसू आवरेना, आणि डोळ्यांत पाणी पण आलं. डॉक्टर रागावले असते तर बरं, असा त्यांचा चेहरा झाला होता. श्रीनिवास घाईघाईनं म्हणाला, "मेरेकू चलता साब, इत्ता अच्छा बनाए." पण डॉक्टरांनी मान हलवली. "मेरेकू नईं चलता. आहे तसं नाही हे." आणि त्यांनी चादर पुन्हा घातली. पुढं ते निळं होऊन त्याच्या नव्या गावी पोचलं, पण त्या दिवशी टेबलावरच राहिलं. इतक्या महिन्यांत आभाराची जी एक वस्तू तयार केली, ती द्यायच्या लायकीची नव्हती, आणि द्यायचा माणूस उद्या गाडीत बसणार होता. डॉक्टर ताटापुढं बसून राहिले. ते श्रीनिवासचं खाणं बघत होते.

एकाएकी ते म्हणाले, "डाव्या बाजूनंच चावायलाय हा."

श्रीनिवास थांबला.

"सीधे तरफ का दाढ़ कबसे दुख रहा?"

"थोड़ा है साब. टैमिच नईं मिलता."

"चलो," डॉक्टर उठले. चेहरा पार बदलून गेला होता. "पुणेकर, गाडी काढा."

सणामुळे विद्यानगरपासून रस्ते मोकळे होते. नारायणगुड्यातली दुकानं बंद, दवाखान्याच्या दाराला झेंडूचं तोरण. डॉक्टरांनी स्वतः शटर वर केलं. मदतनीस सुट्टीवर, म्हणून दिवा धरायचं काम माझ्याकडे आलं. काकू उरलेल्या पोळ्यांचा डबा घेऊन बाहेरच्या बाकावर बसल्या. आम्ही पुढं पुण्याला परत आलो, त्याआधी डॉक्टर किती तरी वेळा भेटले असतील. पण त्यांचं नाव काढलं की मला ते त्या दुपारचे दिसतात, मास्क लावलेले, खुर्चीवर वाकलेले.

दाढ किडली होती, पण वाचण्यासारखी होती. इंजेक्शन झालं. श्रीनिवासच्या दोन्ही गालांत कापूस बसला, जिभेखाली नळी लागली, तोंड उघडं. आता त्याला एक अक्षर बोलता येणार नव्हतं. डॉक्टरांनी खात्री करून घेतली, आणि मग बोलायला लागले.

"देखो बेटा, मुँह नईं हिलाने का. उस दिन मैं इधरिच खड़ा था, इसी खुर्ची के पास. फोन नईं लग रहा था. बाहर पेशंट बैठे थे. तो दाढ़ां निकाला मैं. क्या करता? हाथ तो चलाना था."

यंत्र थोडा वेळ घरघरलं आणि थांबलं. डॉक्टरांचा आवाज खाली आला आणि ते मराठीत गेले. ते त्यांना कळलं होतं की नाही, मला माहीत नाही. श्रीनिवासला मराठी येत नव्हती.

"घर मोठं आहे रे आमचं. तिकडून ही आलीच नसती, तर मी कुठल्या खोलीत जाऊन बसलो असतो? रोज संध्याकाळी कुणाला काय सांगितलं असतं? तू कोणाचा कोण. खाली उतरलास आन् माझं माणूस उचलून आणलंस. पोरा, तुझे उपकार फार झाले माझ्यावर. फार झाले."

बाहेरच्या बाकावर डब्याचं झाकण वाजलं आणि मग काहीच वाजलं नाही. श्रीनिवास उघड्या तोंडानं डॉक्टरांकडे बघत होता. खुर्चीच्या हातावरून त्याचा हात वर आला. त्यानं डॉक्टरांचं मनगट धरलं आणि सोडलंच नाही.

डॉक्टर तसेच वाकून उभे राहिले. बऱ्याच वेळानं दुसऱ्या हातानं त्यांनी कापूस काढला, पेला पुढं केला आणि म्हणाले, "हां. अब कुल्ला करो."